पुसलेली ओळ

ग्रुपमध्ये त्याला सगळे ‘पंच’ म्हणत. प्रत्यक्षात त्याने उभ्या जन्मात मैदानावर शिट्टी फुंकली नव्हती. तो चष्मे बनवायचा. दुकान दोन खणांचं. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, मागे पडद्याआड काचा घासायचं मशीन आणि त्याच्या शेजारी बायकोचं टेबल. पण आपल्या लाडक्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांचा एकोणीसशे माणसांचा ग्रुप त्याने नऊ वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपला होता.

तिथे शिवी दिली की पिवळं कार्ड, दुसऱ्यांदा दिली की लाल, आणि लाल म्हणजे ग्रुपबाहेर. वर पंच त्या माणसाला खासगीत फोन करणार, “काय हो, घरी सगळं ठीक आहे ना?” निम्मी चिडचिड घरून येते असा त्याचा सिद्धांत होता, आणि बऱ्याचदा तो खराही निघे. एकदा एका नव्या मेंबराने विचारलं होतं, ‘समोरच्या संघालाही अहो-जाहो करायचं की काय?’ पंचाने लिहिलं, ‘करून बघा. झालेला गोल तेवढ्याने काही वाढत नाही.’ हे वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं. बायको मात्र म्हणायची, “ग्रुपवर नुसती साखर, आणि घरी रिमोट सापडला नाही की मिरची.”

त्या ग्रुपात अगदी पहिल्या दिवसापासून होते बाइंडर काका. पासष्टीचे. दोन गल्ल्या सोडून त्यांचा पुस्तकं बांधायचा छोटा कारखाना होता. तीस वर्षांत कुठल्या सामन्यात कुणी कितव्या मिनिटाला गोल मारला, हे त्यांना तोंडपाठ. बोलणं फटकळ, पण घाण शब्द कधी नाही. सामन्याला ते आणि पंच गोलच्या मागच्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसत. तिथेच एकदा, सामना संपून माणसं पांगल्यावर, काकांनी त्याला सांगितलं होतं. त्यांचा मुलगा याच संघाच्या ज्युनियर टीममध्ये होता. काका कुंपणाला लटकून त्याच्या प्रत्येक चुकीवर ओरडायचे, चारचौघांत त्याची अब्रू काढायचे. सतराव्या वर्षी पोराने खेळ सोडला, पुढे घर सोडलं. आता दुसऱ्या शहरात असतो. तीन वर्षांत बापाचा एक फोन त्याने उचललेला नाही. “मी दर रविवारी लावतो तरी,” काका म्हणाले होते. “कुणापाशी बोलू नकोस हां.”

पंचाने मान हलवली होती, आणि तीन वर्षं तो शब्द त्याने पाळलाही.

मग तो सामना आला. शेवटच्या मिनिटाला गोलकीपरच्या हातून साधा चेंडू निसटला आणि संघ हरला. पंच रागाने लालबुंद होऊन घरी आला आणि बूटही न काढता ग्रुपवर लिहायला बसला, की या गोलकीपरला आता कायमचा बाकावर बसवा. खाली काकांनी लिहिलं, ‘पोरगं एकोणीस वर्षांचं आहे. आत्ता बसवलंत तर पुन्हा उठायचं नाही. चष्मा बदला, पंच.’

चष्मेवाल्याला चष्मा बदला! ग्रुप खदखदून हसला. हसण्याच्या चिन्हांची रांग लागली. एरवी पंचही हसला असता. पण त्या दिवशी त्याचं डोकं फिरलं आणि त्याने लिहिलं, ‘स्वतःचा मुलगा सहा वर्षं फोन उचलत नाही, आणि निघाले दुसऱ्यांच्या पोरांचं भलं बघायला!’

पाठवलं. अर्ध्या मिनिटाच्या आत त्याने ती ओळ पुसली. त्या ग्रुपात अ‍ॅडमिनने पुसलेल्या मजकुराचा मागमूस राहत नसे. शिवाय शेकडो माणसं एकाच वेळी तावातावाने लिहीत होती, त्या गर्दीत ती ओळ कुणाच्या लक्षात आली नाही. ज्याच्यासाठी लिहिली होती त्याने मात्र वाचली होती. काकांचं उत्तर येऊन पडलं, ‘तुझी मुलगीही उद्या तुझ्याशी अशीच वागो. नीच माणसा.’

आता वरचं गेलेलं, खालचं तेवढं राहिलेलं. कुणीतरी टाकलेल्या आकडेवारीखाली तो शाप उघडाबोडका उभा होता.

‘काका, हे काय? थेट मुलीवर गेलात?’ कुणीतरी विचारलं.

काकांनी लिहिलं, ‘वर काय लिहिलंय ते आधी वाचा.’

‘वर तर कॉर्नर किती मिळाले ते लिहिलंय, काका!’

मग काय, जो तो तुटून पडला. म्हातारचळ लागलाय, गोळ्या घ्यायला विसरलात का, असल्या माणसाला बाहेर काढा. ज्यांनी नऊ वर्षांत एक वाकडा शब्द लिहिला नव्हता, त्यांनीही त्या दिवशी हात धुऊन घेतले. पंच बघत होता. एक वाक्य पुरलं असतं. ‘आधी मी लिहिलं होतं,’ एवढंच. त्याने ते टाइपही केलं. मग खोडलं. लोक विचारत होते, पंच, तुम्ही गप्प का? आणि पंचाने काकांना लाल कार्ड दाखवलं. पिवळं न दाखवता, सरळ लाल. घरी सगळं ठीक आहे ना, असा फोन त्याने या वेळी केला नाही.

‘पंचांचा संयम बघा,’ कुणीतरी लिहिलं. ‘शिकण्यासारखा आहे.’

पुढचे चार महिने पायऱ्यांवर त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. दुकानातून घरी जाताना तो कारखान्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जाऊ लागला. शिकायला बाहेरगावी असलेल्या लेकीने एकदा फोन उचलला नाही, तेव्हा तो दर मिनिटाला पुन्हा लावत राहिला. ती अंघोळीला गेली होती, एवढंच. आपण चोर आहोत हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण ज्याला सगळे साव म्हणतात त्या चोराने बोलायला सुरुवात कुठून करायची, हे कळत नव्हतं.

अशात क्लबकडून पत्र आलं. यंदाचे ‘सर्वांत सभ्य चाहते’ म्हणून त्यांच्या ग्रुपचा सत्कार ठरला होता. शनिवारी सामन्याआधी, भर मैदानात. पंचांनी दोन शब्द बोलावेत.

त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाची उजवी काच डाव्या काचेच्या मापाने घासून ठेवली. दुसरी घेतली, तिचा कोपरा उडवला. तिसरीच्या वेळी बायकोने मशीनच बंद केलं.

“आज काय सगळ्या गावाला आंधळं करायचं ठरवलंयस का?”

त्याने तिला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, “मग शनिवारी तिथे उभा राहून सांगणार काय आहेस?”

दुपारी तो कारखान्यात गेला. काका लाकडी पट्टीने पानांचा गठ्ठा ठोकून सारखा करत होते. टेबलावर खळीचं भांडं होतं. काकांनी मान वर केली, त्याला पाहिलं आणि पुन्हा पानं ठोकू लागले.

“बस. हात पुसून घेतो.”

“काका, ती ओळ मी लिहिली होती.”

“मला सांगतोस? मीच तर वाचली ती!”

पंचाला रडावं की हसावं ते कळेना. काकांनी फोन काढून त्याच्यापुढे धरला. पडद्यावर ती ओळ होती, तिच्या डोक्यावर त्याचं नाव. पुसायच्या आत काकांनी तिचा फोटो काढून ठेवला होता.

“हा... हा तुमच्याकडे पहिल्यापासून होता?”

“होता.”

“मग टाकला का नाहीत ग्रुपवर? सगळे माझ्यावर उलटले असते. तुमचं नाव साफ झालं असतं.”

“आणि पोराचं?” काका म्हणाले. “एकोणीसशे लोकांना कळलं असतं, की हा बापाचा फोन उचलत नाही. ते काय त्याला चांगलं म्हणणार होते? रागात ‘वर वाचा’ म्हणालो खरा, पण तू पुसलंस ते बरंच झालं. चूक माझी आहे रे, त्याची नाही. त्यापेक्षा मला शिव्या खाऊ दे.”

पंचाने मान खाली घातली.

“एक सांगू?” काका म्हणाले. “राग तू लिहिलंस याचा नाही. लिहिलंस ते खरंच होतं. मी तुला विश्वासाने सांगितलं होतं, त्याचा आहे.”

“मी आज सगळ्यांना सांगतो. तुम्ही परत या. मला कार्ड नको, सत्कार नको, काही नको.”

“तुला सांगायचं तर सांग. ती ओळ मात्र सांगायची नाही. पोराचं नाव निघता कामा नये.”

पंचाने कबूल केलं. हा दुसरा शब्द तरी पाळायचाच, असं त्याने ठरवलं.

दुकानात येऊन त्याने आधी काकांना ग्रुपमध्ये परत घेतलं, म्हणजे जे होईल ते त्यांच्या डोळ्यांदेखत होईल. मग लिहिलं, ‘चार महिन्यांपूर्वी काकांनी मला जे लिहिलं, त्याच्याआधी मी त्यांना अतिशय नीच गोष्ट लिहिली होती. ती मी पुसली आणि गप्प राहिलो. दोष पूर्ण माझा आहे. मी पंच राहण्याच्या लायकीचा नाही. सत्काराला दुसऱ्या कुणीतरी जावं.’

पाठवलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याची छाती मोकळी झाली. आता येऊ देत शिव्या, पोटभर येऊ देत.

‘काय लिहिलं होतं?’ कुणीतरी विचारलं.

‘ते सांगता येणार नाही.’

मग एक जण म्हणाला, ‘मी तेव्हा ऑनलाइन होतो. असलं काहीच नव्हतं.’ दुसऱ्याने दुजोरा दिला. आणि तिसऱ्याने लिहिलं, ‘अहो, कळत नाही का? काकांना परत आणायचंय म्हणून पंच दोष स्वतःवर घेताहेत. केवढं मोठं मन!’

‘मी खरं सांगतोय,’ पंचाने लिहिलं.

त्याखाली बदाम येऊ लागले. लाल, टपोरे, थांबेचनात. त्याने पुन्हा लिहिलं, ‘काकांची काहीही चूक नव्हती.’ त्यावर आणखी बदाम आले. शनिवारी तुम्हीच गेलं पाहिजे, दुसरं कुणी चालणार नाही. तो भराभर टाइप करत राहिला, आणि जितकं खरं लिहावं तितका लोकांच्या नजरेत मोठा होत गेला. एका क्षणी ती ओळ जशीच्या तशी टाकायला त्याचं बोट शिवशिवलं. त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला.

पुन्हा सरळ केला, तेव्हा कुणीतरी समारोप केला होता. ‘चला मंडळी, पंचांच्या शब्दाखातर आपण सगळे काकांना माफ करू या.’ खाली दीडशेहून जास्त माणसांनी काकांना माफ केलं होतं.

आणि त्या सगळ्यांच्या खाली, नुकतंच आलेलं, काकांचं होतं. ‘सगळ्यांचा आभारी आहे.’