दोरीचं दुसरं टोक

आमच्या जाफराबादकडच्या गावांत विहिरीत कळशी पडो, बादली पडो, नाहीतर पाण्याच्या मोटारीचा एखादा भाग, बोलावणं यायचं ते कचरूमामालाच. मामा आधी विहिरीच्या मालकाची परवानगी घ्यायचा, पाण्याला कुंकू वाहायचा, कमरेला दोरी बांधायचा आणि दुसरं टोक गयासोद्दीनच्या हातात द्यायचा. गयासोद्दीन म्हणजे सायकलदुकानवाला, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. खालून एक हिसका आला की दोरी सैल सोडायची, दोन आले की ओढायची. दुसऱ्या कुणाच्या हाती मामानं दोरी कधी दिली नाही. गावातले पैलवान रुसले, तरी नाही.

विहिरीच्या तळाशी दिसतंय काय? गाळ आणि अंधार. मामा डोळे मिटूनच काम करायचा. अशा माणसापुढं १९८५ साली ते कॅलेंडर आलं. गयासोद्दीनचा मेहुणा बदरोद्दीन जहाजावर खानसामा होता, त्यानं आणलेलं. कॅरिबियन समुद्रातलं कुठलंसं लांबचं बेट, नितळ पाणी, खाली रंगीबेरंगी पोवळ्यांची बाग आणि तिच्यात पोहणारा माणूस.

"पान्यात एवढं दिसतंय?" मामा म्हणाला. "गयास, एकदा उघड्या डोळ्यांनी बुडी मारायची. इथंच जायचं."

झालं! दुकानात रोज तेच. जालन्याहून रेल्वे, मुंबईहून जहाज, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. साळूमामी म्हणायची, "बाजारात तुरी अन् भट भटनीला मारी!" मामाचं घोडं मात्र भलतीकडंच अडायचं. समुद्राचा मालक कोण? परवानगी कुणाला मागायची?

"अल्ला मालिक है. मैं पूछ लेतूं," गयासोद्दीन म्हणायचा. "तू रस्सी लंबी ले."

आणि खरंच दोघांनी भोकरदनच्या बाजारातून नायलॉनची लांबच लांब दोरी आणली. मी पोट धरून हसलो. पण त्या पंक्चरच्या वासात बसून बेत ऐकण्याचं सुख मला पुन्हा कुठं मिळालं नाही.

१९९६ मध्ये बदरोद्दीन आला तो खबर घेऊनच. आता तो त्याच बेटावरच्या हॉटेलात होता आणि भटारखान्यात एक माणूस हवा होता. एकच. गयासोद्दीनला तोवर दम्यानं गाठलं होतं. तो म्हणाला, "तू जा. बिलकुल जा." मामाचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, हा आत्ताच पिशवी भरतोय.

"पर तिथं दोरी कोन धरील?" त्यानं विचारलं.

"दोरी लागतच न्हाई," बदरोद्दीन हसला. "पाठीवर हवेची टाकी ऱ्हाती. आपलं आपून वर यायचं."

मामा म्हणाला, "मंग आपल्याला न्हाई जमायचं."

मी भडकलो. "मामा, हातातोंडाशी आलेला घास टाकून राह्यला तू!"

"वर कुनी वाट पाहून राह्यलं न्हाई, तर खाली काय दिसलं ते सांगायचं कुनाला?" तो म्हणाला.

२००३ च्या हिवाळ्यात गयासोद्दीन गेला. कब्रस्तानात मयत खाली उतरवताना चादरीचं एक टोक मामाला धरायला दिलं. उतरवून झालं, बाकीच्यांनी आपापली टोकं सोडली. मामा सोडेना.

मौलवी हळूच म्हणाले, "कचरूभाई, छोड दो."

"थांबा जरा," मामा म्हणाला. "त्यानं अजून हिसका दिला न्हाई."