मागून येणारी स्कूटर

आमच्या घरात जेवायला हाक मारली जात नसे, घोषणा होत असे. "पानं वाढलेली आहेत. बसणाऱ्यांनी बसून घ्यावं. आमटी निवली तर घर जबाबदार राहणार नाही." माझ्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे एका सुरात म्हणायच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधली माणसंसुद्धा घड्याळ बघायची. लग्न होऊन मी साताऱ्याहून रत्नागिरीत आले, तेव्हा पहिल्याच दुपारी ही घोषणा ऐकून मी पिशवी उचलून निघाले होते, असं माझा नवरा मंदार अजून सगळ्यांना रंगवून सांगतो. ते साफ खोटं आहे. मी फक्त दचकले होते.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. त्यांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. चौकशीच्या खिडकीत बसायचं, कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या आणि लोकांच्या शिव्या खायच्या, असं त्या स्वतःच कामाचं वर्णन करीत. सासरे लवकर गेले. त्या खिडकीतूनच आईंनी मंदारला वाढवला. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, आवाज सुटला नाही. आणि एक खोड सुटली नाही. गाडी ‘येईल’ असं त्या कधीही कुणाला सांगत नसत. "बाई, येईल ना हो कोल्हापूर?" असं कुणी काकुळतीला येऊन विचारलं की म्हणायच्या, "सुटल्याचा फोन आलाय, तेवढं सांगत्ये. मध्ये घाट आहे. घाटाचं मी कसं सांगू?" घरीही तोच कायदा. मंदार परीक्षेला निघाला की इतर आया म्हणतात, होशील रे पास. आई म्हणायच्या, "पेन घेतलंस काय?"

मी धावते. शाळेत असल्यापासून धावते. साताऱ्यात पहाटे किल्ल्याच्या चढावर पळणाऱ्या पोरी कुणाला नवीन नव्हत्या. रत्नागिरीत मात्र बूट घालून बाहेर पडले की दोन तरी माणसं विचारायची, "काय झालं? कोण आजारी आहे काय?" आईंना सुरुवातीला माझ्या धावण्याचं कौतुक नव्हतं, रागही नव्हता. "विनाकारण फेरी," एवढंच त्या म्हणायच्या. परत आल्यावर मात्र टेबलावर कोकमाचं आगळ घातलेलं, मिठाचं पाणी तयार असायचं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात ते गेलं. तोवर मी रोज धावत होते. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की याचा धावण्याशी संबंध नाही, असं पुष्कळ जणींचं होतं. पण घरात डॉक्टरपेक्षा पावसच्या आत्यांचा शब्द मोठा. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. पावसला त्यांची आंब्याची बाग. माणूस मायाळू, पण जीभ कोयत्यासारखी. त्या भेटायला आल्या, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एवढं उड्या मारत फिरल्यावर राहायचं कसं गो?" मला ते लागलं, आणि त्याहून वाईट म्हणजे पटलं. मी बूट माळ्यावर टाकले. आत्या गेल्यावर आई माझ्याशेजारी येऊन बसल्या. "कधी कधी गाडी डेपोतूनच निघत नाही," त्या म्हणाल्या. "प्रवासी वेळेवर आलेला असतो, तिकिटाचे पैसेही हातात असतात. त्याचा काय दोष?" मी रडले. त्या बसून राहिल्या. पण पटलं मात्र मला आत्यांचंच.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी घरात काचेच्या भांड्यासारखी वावरत होते. अन्न समोर नको व्हायचं. आत्या आल्या त्या पिशवी भरून. तळलेले गरे, आमसुलाची सोलं, कुणाकडून तरी आणलेला सुका बांगडा. "काय खावंसं वाटतं सांग. डोहाळे मारायचे नसतात. पोराचे कान फुटतात." मी कशालाही हात लावीना. आईंनी सरळ विचारलं, "खाणं राहू दे. मन कशावर जातं?"

मी मान खाली घालून म्हटलं, "सकाळी खिडकीतून वारा आला की धावावंसं वाटतं."

आत्यांनी कपाळाला हात लावला. आई मात्र त्यांच्याकडे वळल्या आणि कर्ण्याच्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत काय वन्सं? डोहाळे लागलेत. आणि मारायचे नसतात, हे आत्ताच कोण म्हणालं?"

"अगो वहिनी, डोहाळे खायचे असतात!"

"कुठे लिहिलंय? तुमच्या वेळी तुम्हाला भिंतीचा चुना खावासा वाटत होता. तो काय जेवणात मोडतो?"

चुन्याची गोष्ट खरी होती. दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेल्या. बाई म्हणाल्या, आधीपासून धावणारी आहे, तपासण्या ठीक आहेत, तर हळू धावू दे. ऊन नको, दमछाक नको. धावताना सहज बोलता आलं पाहिजे, बोलता येईना झालं की वेग कमी करायचा. दुखलं किंवा रक्त दिसलं तर थांबायचं आणि इकडे यायचं. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन माळ्यावरचे बूट स्वतः काढले.

पण मला एकटीला सोडायला त्या तयार नव्हत्या. भाट्याच्या पुलापलीकडे, सुरूच्या बनाशेजारून जाणारा रस्ता आम्ही ठरवला. मी पुढे धावत असे आणि मागे आई स्कूटरवर. डोक्याला हेल्मेट, पदर खोचलेला, डिकीत पाणी, टॉवेल आणि माझी फाइल. स्कूटर इतकी हळू चालवायच्या, की एकदा भाजीवाल्याची सायकल आम्हाला मागे टाकून गेली आणि त्याने वळून सहानुभूतीने विचारलं, "पेट्रोल संपलं काय?"

डॉक्टरांनी बोलता आलं पाहिजे म्हटलं होतं ना, तर आई मला सतत बोलतं ठेवत. आता धावताना सासूशी काय बोलणार? म्हणून त्या थांबे विचारायच्या. "राजापूर गाडी. हं, सांग."

"हातखंबा... पाली... लांजा..."

"पुढे? अडकलीस की दमलीस?"

"विसरले!"

"मग हरकत नाही. दमली असलीस तर चाल." आणि मग स्वतःच म्हणायच्या, "ओणी गो ओणी. एवढं कसं येत नाही साताऱ्याच्या माणसाला?" थंडीच्या त्या दिवसांत मी जिल्ह्यातले निम्मे मार्ग पाठ केले. श्वास लागला की मी चालायचे, पुन्हा वाटलं की धावायचे. त्या कधी चल म्हणाल्या नाहीत, कधी पुरे म्हणाल्या नाहीत. "तुझी गाडी विनाथांबा नव्हे. हात दाखवशील तिथे थांबणारी," हे मात्र रोज म्हणायच्या. मला त्या सकाळी फार सुखाच्या वाटत. मागून स्कूटरची घरघर येत असली की पायांना भीती वाटत नसे.

पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागलं आणि निराळाच घोळ झाला. पूर्णगडची सकाळची एसटी समोरून येत होती. मी धावतेय हे पाहून ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. कंडक्टर दार उघडून खालीच उतरला. "नको गो बाय धावूस, अशा अंगाने! थांबवलीय गाडी. आरामात चढ." मी म्हटलं, मला कुठे जायचं नाही. त्याला ते समजेचना. धावतेय आणि गाडी नको, असं कसं? आतल्या बायकांनी सरकून खिडकीजवळची जागा करून दिली होती. एक आजी तर माझी पिशवी घ्यायला हात पुढे करून बसल्या होत्या, आणि माझ्याजवळ पिशवीच नव्हती. तेवढ्यात आईंची स्कूटर पोहोचली. ड्रायव्हरने त्यांना ओळखलं. "मॅडम, तुम्ही?"

"सून आहे माझी. ती गाडीसाठी धावत नाही."

"मग कशासाठी?"

"तिला आवडतं म्हणून," आई म्हणाल्या. "सगळ्यांना सांग डेपोत. पुन्हा कुणी थांबवायची नाही, गाडीला उशीर होतो." त्यानंतर गाड्या थांबल्या नाहीत. पण प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न वाजवून जायचा आणि खिडक्यांतून हात हलायचे. माझं आयुष्यात एवढं स्वागत कुठल्या शर्यतीत झालं नाही.

आणि मग माघातल्या एका सकाळी, धावून घरी आल्यावर, मला रक्त दिसलं.

रिक्षातून दवाखान्यात जाताना आईंनी माझा हात घट्ट धरला होता. मंदार कामासाठी चिपळूणला होता, तो निघाला होता. सोनोग्राफीसाठी आमच्या आधी एक बाई आत होती. मला पडद्यामागच्या खाटेवर निजवलं आणि आई बाहेर बाकावर बसल्या. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. एवढं उड्या मारत फिरल्यावर राहायचं कसं. तेवढ्यात आत्यांचाच आवाज आला. बागेच्या फवारणीचं औषध घ्यायला त्या बाजारात आल्या होत्या, मंदारने फोन केल्यावर तशाच धावत आल्या.

"हिला एकदा झालं तेवढं पुरलं नाही काय? कोणी सांगितलं होतं धावायला?"

"मी," आई म्हणाल्या.

"काय?"

"मीच सांगितलं. ती नकोच म्हणत होती. डोहाळेबिहाळे तुम्हाला सांगायला. मीच रोज उठवून न्यायची. मागून स्कूटर घेऊन जात होते ती काय हवा खायला? थांबू नये म्हणून जात होते. बोलायचं असेल ते मला बोला. तिला एक अक्षर बोलायचं नाही."

त्यांचा आवाज घोषणेसारखाच सरळ होता. मी पडद्यामागे उशीत तोंड खुपसून रडत होते. आत बाळ आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं, आणि जे काही असेल त्याचा दोष या बाईने आधीच आपल्या नावावर करून टाकला होता. ‘येईल’ एवढा एक शब्द ज्या खोटा बोलल्या नाहीत, त्या माझ्यासाठी सलग दहा वाक्यं खोटं बोलल्या.

नंबर आला. मशीनच्या पडद्यावर बाळ हललं. ठोके ऐकू आले. डॉक्टरबाईंनी सगळं नीट पाहिलं. बाळ उत्तम होतं, वार जागेवर होती. गर्भाशयाच्या तोंडाशी थोडं नाजूक झालं होतं, तिथलं ते रक्त. "धावण्यामुळे नाही," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तरी काही दिवस विश्रांती घे, मग चालायला लाग." आई दारात उभ्या होत्या. "सगळं नीट होईल ना हो?" त्यांनी विचारलं.

"आत्ता नीट आहे. पुढचं मी आज कसं सांगू?"

आई हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. लोक उगीच असं विचारतात."

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, खोटं का बोललात? त्या माझ्यासाठी पेज गाळत होत्या. "वन्संच्या लेखी मी पहिल्यापासूनच वाईट आहे. नोकरी केली, मोठ्याने बोलते, स्कूटर चालवते. त्यात अजून एक. मला काय जड आहे? तुझ्या डोक्यावर मात्र आधीच एक ओझं होतं. ते तुझं नव्हतंच, पण तू उतरवून ठेवत नव्हतीस. दुसरं नसतं गो पेललं तुला."

नंतर मी चालत राहिले. आईंनी स्कूटर घरी ठेवली आणि गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत माझ्याबरोबर चालल्या. ऐन आंब्याच्या हंगामात मुलगी झाली, रेवा. आत्या हापूसची पेटी घेऊन आल्या, नातीला मांडीवर घेऊन बसल्या, आणि तिचे दोन्ही कान नीट तपासून पाहिले. काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी हो म्हटल्यावर मी पुन्हा धावायला लागले. आई सुरूच्या सावलीत रेवाला घेऊन बसायच्या आणि मी वळून येताना दिसले की तिच्या कानात पुकारायच्या, "रेवाची आई, येणारी गाडी." तेव्हा मात्र येणारी म्हणायच्या, कारण मी डोळ्यांना दिसत असे.

आत्यांनी दवाखान्यातली गोष्ट साऱ्या पावस गावात केली होती. सुनेला पोटुशी असताना पळवणारी सासू, अशी आईंची ख्याती झाली. एका लग्नात कुणीतरी कुजबुजलं, तर आई वळून म्हणाल्या, "हो, मीच ती. तुमच्या सुनेला पाठवताय काय?" मी दोनदा आत्यांना खरं सांगायला निघाले, तर आईंनी मला डोळ्यांनी दटावलं. त्यांना त्या ख्यातीची गंमत वाटत होती असं माझं मत आहे.

आई गेल्या वर्षी गेल्या. फार आजारपण नाही, कुणाला फार कष्ट नाहीत. तेराव्याला डेपोतली जुनी माणसं आली, बरंच हसणं झालं, आईंना आवडलं असतं तसं. पंगत उठल्यावर आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या. त्याही थकल्या आहेत. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "लाखात एक होती गो माझी वहिनी. सगळं चांगलं केलंन. फक्त तुला तेवढं त्या वेळी पळवलंन, ते काही बरं केलं नाही."

"त्यांनी नाही पळवलं, आत्या," मी म्हटलं. "मीच धावत होते. मला धावायचं होतं. आणि पहिल्या वेळीही माझ्या धावण्याने काही झालं नव्हतं."

हे शेवटचं वाक्य मी तोवर कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. म्हटलं, आणि आवाज कापला नाही.

आत्या हळूच म्हणाल्या, "अगो, मग इतकी वर्षं तिला वाईट का म्हणू दिलंस आम्हाला?"

"मी कुठे म्हणू दिलं, आत्या? त्यांनीच म्हणवून घेतलं."