माणशी एक घोडा

तोतुया बोलायला उभी राहिली की कोक-बेल गावातले पुरुष टोप्या सावरून बसत. आवाज काही मोठा नव्हता तिचा, पण उत्तर मिळाल्याशिवाय ती खाली बसत नसे. सून म्हणून आली तेव्हा तिला घोडीचं दूध काढता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी घोडीनं लाथ झाडली, तर ही घोडीलाच म्हणाली, “पुन्हा मारून बघ.” घोडीनं पुन्हा मारली नाही.

नवरा लवकर गेला. मेंढ्या सांभाळणं आणि लेक वाढवणं ही दोन्ही कामं तिनं एकदमच केली. बेगाइम चालायला शिकली तीच मुळी मेंढीचं जाड शेपूट धरून. आता ती विशीची झाली होती. गेले दोन उन्हाळे वरच्या कुरणात अख्ख्या घराचा कळप तीच राखत होती.

त्या शरदात कळप खाली उतरला आणि थोरले दीर जुमाश यांनी वाटणीचं काढलं. सासऱ्यांच्या माघारी कळप एकत्रच राहिला होता, प्रत्येक मेंढीच्या उजव्या कानावर त्यांचीच कापलेली खूण घेऊन.

“मला एक वाटा, माझ्या दोन पोरांना एकेक,” जुमाश चहाचा वाडगा फिरवत म्हणाले, “आणि तुला दुधापुरत्या मेंढ्या.”

“आणि बेगाइम?”

“ती परक्या घरची. लग्नात देऊ की! पेट्या देऊ, गाद्या देऊ, लोकरीचे नमदे देऊ. तिच्या या आबानं हात आखडता घेतला असं कुणी म्हणायला नको.”

“तिला नमदे नकोत, बाइके,” तोतुया थोरल्या दिरांना मानानं हाक मारत म्हणाली. “तिला मेंढ्या हव्यात. स्वतःच्या खुणेच्या.”

“मुलीची खूण!” जुमाश इतके हसले की चहा सांडला. “शनिवारी वाटणी. त्यात आता बदल नाही.”

शुक्रवारी गावाच्या सभागृहात राजधानी बिश्केकहून एक तरुण अधिकारी बाई आल्या. भिंतीवर त्यांनी मोठा तक्ता लावला. वरच्या बर्फातली खाण गावाला रोजच दिसायची, पण तिचा हिशेब असा समोर टांगलेला कुणी पाहिला नव्हता.

“आपल्या देशाच्या पोटात जेवढं सोनं आहे त्याची किंमत काढली,” बाई म्हणाल्या, “ते बाहेर काढायचा खर्च वजा केला आणि उरलेलं देशातल्या माणसांत भागलं. ही तुमची नैसर्गिक संपत्ती. दरडोई.”

“आकडे नको, पोरी, जनावरांत सांग!” मागून कुणीतरी ओरडलं.

बाई खेड्यातल्याच असाव्यात. रागावल्या नाहीत. फोनवर बोटं चालवली आणि म्हणाल्या, “साधारण एक चांगला घोडा. आणि वर काही मेंढ्या.”

“घरटी?”

“नाही, माणशी.”

सभागृहात एकच गलका झाला.

“म्हणजे या माम्बेतच्या घरात नऊ घोडे? अन् गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे उसनं गवत मागत होता!”

“माम्बेत, आता पुरे कर बाबा! तुझ्या घरी पाळणा हलला की आमचा घोडा लंगडतो!”

हशा ओसरला तेव्हा तोतुया उभी होती. पुढच्या बाकावर जुमाशनी टोपी सावरली.

“बाई, त्या पिवळ्याबद्दल विचारायचं होतं.”

“कुठलं पिवळं?”

पुन्हा हशा. शेजारीण मदतीला धावली, “हिच्या सासऱ्यांचं नाव आल्तीनबेक हो! आल्तीन म्हणजे सोनंच की. सून तो शब्द तोंडात कसा आणील?”

“बरं, पिवळं तर पिवळं,” बाई हसल्या. “विचारा.”

“त्यात मुली धरल्यात?”

“सगळे धरलेत. काल जन्मलेली मुलगीसुद्धा.”

“पूर्ण? की अर्धी?”

“पूर्ण एक.”

“आणि लग्न होऊन गेली की?”

“तरी एकच. मोजताना तिचं घर कुठलं ते बघत नाहीत.”

तोतुया खाली बसली. जुमाशची मान मागून लाल झालेली तिनं समाधानानं पाहून घेतली.

मग गावातले सर्वांत म्हातारे, सगळे मानानं अक्साकाल म्हणत ते कोजोमुरात काठीवर रेलून उठले. “सगळं पटलं, पोरी. पण माझ्या घोड्याच्या कानाला खूण कुठली?”

“कसली खूण?”

“कान कापून खूण केली नाही तर तो माझा आहे हे त्या घोड्याला कसं कळणार?”

“अक्साकाल, ही सरासरी आहे. प्रत्यक्ष कुणाच्या हातात येत नाही.”

“मग सध्या त्याच्यावर बसतंय कोण?”

बाईंनी तक्ता गुंडाळला. “ते मलाही कळलं तर बरं होईल,” म्हणाल्या, आणि पुढं केलेला तळलेला बोर्सोक तोंडात टाकला.

शनिवारी वाड्यात मेंढ्यांची दाटी झाली. कुंपणाला टेकून म्हातारे साक्षीला उभे राहिले. तोतुया तोंड उघडणार तोच जुमाशनी हात वर केला.

“ऐका सगळे! देशानं मुलगी मोजली, तर मीही मोजतो. या कळपात बेगाइमचा वाटा आहे. कोण नाही म्हणतंय? राहू दे सगळं एकत्र. मी सांभाळीन. घरातल्या घरात चिरफाड कशाला?”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तोतुयाच्याही ओठांवर होकार आला होता. इतक्या वर्षांत या माणसानं एवढं तरी कुठं मान्य केलं होतं? पण होकार जिभेवरच थांबला.

“हा कालचाच घोडा झाला, बाइके,” ती म्हणाली. “मोजलेला, भागलेला आणि बसायला दुसराच कुणीतरी. मला खूण द्या.”

“गावात कुठल्या मुलीची खूण आहे? दाखव एक!”

“एकीचीही नाही. म्हणून तर हिची कुणाशी गल्लत व्हायची नाही.”

“आणि उद्या लग्न करून गेली तर?”

“तर मेंढ्या जातील मागोमाग. पाय आहेत त्यांना. वरच्या डोंगरासारख्या एका जागी बसून नाहीत राहणार.”

कोजोमुरात खोकल्यासारखं हसले. “जुमाश, या उन्हाळ्यात कळप कुणी राखला?”

“बेगाइमनं.”

“आणि लांडगे उतरले तेव्हा तू कुठं होतास?”

“गुडघा दुखत होता माझा.”

“मग सुरी आण. गुडघ्याला त्रास होत असेल तर पोरांना पाठव.”

सुरी आली. जुमाशनी स्वतः कळपात शिरून पहिली मेंढी ओढून आणली. बेगाइमनं कुंपणावरून उडी टाकली, मेंढीचा जबडा उघडून पाहिला आणि मिटला.

“आबा, हिला दात नाहीत.”

“सगळ्या तरण्याच कशा मिळतील? सरासरी असते, पोरी!”

“सरासरी तुमच्याकडे ठेवा. मला ती काळ्या तोंडाची द्या. आणि तिच्या पलीकडची.”

म्हातारे कुंपण हलेपर्यंत हसले. जुमाशही हसले, जरा उशिरानं. काळ्या तोंडाची आणायला ते वळले, तर तोतुयानं ती आधीच गुडघ्यांत पकडली होती.

“कुठला कान?” तिनं विचारलं.

“डावा,” बेगाइम सुरी पुसत म्हणाली. “उजव्यावर आजोबा आहेत.”