आलेखात नसलेला
इंद्रायणी तांदूळ शिजायला लागला, की त्या वासासरशी मला वडिवळ्यातली आमची ओसरी आठवते. एकदा तिथं शेजारची मावशी तांदूळ पाखडत होती आणि मी लॅपटॉपवर जगातल्या युद्धांचा आलेख काढत होते. तिचा मुलगा सीमेवरच्या चकमकीत गेलेला, म्हणून तिला बरं वाटावं या वेड्या आशेनं मी म्हणाले, "मावशी, युद्धं कमी होत चाललीत बघ." तिनं सूप खाली ठेवलं. "माजा पोरगा कुटं हाय ह्यात?" ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी माणसं मेली तर आम्ही अभ्यासक ते युद्ध धरत नाही, हे मी कसंबसं सांगितलं. "मंग अजून किती मरायला पायजे व्हती?"  तिचा मुलगा गेला त्या चकमकीपुढे, 'युद्ध' या रकान्यात, मी आजही शून्यच भरते.