शेजाऱ्याच्या बांधीतलं पाणी

धानाच्या शेताच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. तळ्याचं पाणी एका बांधीतून दुसरीत उतरतं. शेजाऱ्याशी आमचं भांडण इतकं जुनं, की कारण दोन्ही घरं विसरली; पण त्याच्या बांधीत आमचं पाणी कधी अडलं नाही. शिव्या बांधावरून, पाणी बांधातून.

त्या वर्षी पुण्यात बहिणीला मुलगी झाली. आई इकडे खाटेला खिळलेली, हलवायची सोय नाही. मोबाइल लागायचा फक्त तळ्याच्या उंच पाळीवर. मी तिथून बाळाचा व्हिडिओ उतरवून आणला. आईने तो एकदाच पाहिला. "हे तं होऊन गेलेलं हाय. माही हाक तिले आयकू जाते काय?"

एका कंपनीची इंटरनेटची केबल आमच्या अंगणासमोरून पुढच्या गावाला गेली होती, पण घरांना ती जोडणी देत नव्हती. दुसरी द्यायला तयार, तर तिची केबल तालुक्यातच संपलेली. तिचा माणूस येऊन खांबाकडे पाहत राहिला.

"लाइन दारातच हाय जी. पण ते आमाले त्यातून देऊ देत नाईत. दोघायचं पटत नाई."

आतून आई म्हणाली, "आमचं तरी शेजाऱ्यासंग कुठी पटते? पाणी बंद केलं काय त्यानं?"

"तुमच्यासारखी बाई कंपनीत पायजे होती."

"मंग ने ना मले. खाटेसकट उचल."

कंपन्यांनी एकमेकींना वाट द्यावी का, यावर शहाणे वाद घालतात. भाडं घ्या, पण वाट द्या, एवढंच माझं म्हणणं.

मी झाडीपट्टीच्या नाटकांतला जुना खलनायक. पाळीवर जाऊन फोनवर भाचीला पाहायचो आणि घरी येऊन आईपुढे तिची भूमिका करायचो. मूठ चोखायचो, शिंकायचो, मिशांसकट जांभई द्यायचो. आई पदरात तोंड लपवून हसायची. उलट पाळीवरून आईच्या आवाजात भाचीला हाक मारायचो, "ये माही मैना." बाळ मान वळवायचं. हे सांगितलं तेव्हा आईचा चेहरा फुलला, मग हळूच मिटला.

"ते तुले वयखते," ती म्हणाली. "मले नाई."

धान निसवून लोंब्या यायच्या आत आई गेली. शेजारी खांदा द्यायला आला. बहीण बाळाला घेऊन पोचली, ते घाबरून रडत होतं.

"भाऊ, आईच्या आवाजात हाक मार ना. चूप होईल ते."

मला मारवली नाही. मारली असती, तर बाळाने रिकाम्या खाटेकडे नाही, माझ्याकडेच पाहिलं असतं.