स्प्रिंगांना घातलेला हार

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, त्याला माझी हरकत कधीच नव्हती. पान्हे पुसा, पकडी पुसा, हळदकुंकू लावा. लोखंडाचं काही बिघडत नाही. पण काय पूजेला मांडायचं आणि काय नाही हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात फुलांची पाटी देऊ नये. त्या दिवसाची आठवण झाली की अजून माझं डोकं तापतं.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कोल्हारला रस्त्यालगत आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, मागे घर. नवरा आणि दीर लाऊडस्पीकर घेऊन लग्नं आणि सभा करत फिरायचे, दुकानातले रेडिओ मी उघडायची. सुरुवातीला गिऱ्हाईक विचारायचं, मालक कुठं गेले. पुढे विचारेनासं झालं.

माझा धाकटा भाऊ नगरच्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. हात चांगला होता. पण ऑर्केस्ट्राच्या मालकाला आवाज कोरडा वाटे. पत्र्यावर खडे टाकल्यासारखी वाजते तुझी गिटार, असं त्यानं सगळ्यांसमोर ऐकवलं. रेकॉर्डवर घुमते तशी घुमली पाहिजे. दसऱ्याला साखर कारखान्याचा बॉयलर पेटणार होता आणि संध्याकाळी यांचा कार्यक्रम होता. तोवर जमलं नाही तर भावाच्या जागी अकॉर्डियनवाला येणार. ॲम्प्लिफायर मालकाचा, तो उघडायला मनाई. म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये जोडता येईल असं वेगळंच यंत्र हवं होतं. भाऊ माझ्याकडे आला.

मोडीतल्या एका रेडिओचे व्हॉल्व्ह, त्या आत पेटणाऱ्या काचेच्या नळ्या, आणि ट्रान्सफॉर्मर मी काढून घेतले. यंत्रामागची कल्पना साधी आहे. गिटारचा आवाज व्हॉल्व्हनं मोठा करायचा आणि त्यानं स्प्रिंगचं एक टोक हलवायचं. थरथर स्प्रिंगमधून धावते, पलीकडे आपटून परत येते, पुन्हा जाते. पलीकडच्या टोकाला रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचं डोकं चिकटवलं की ती थरथर परत विजेत उतरते. दुसरा व्हॉल्व्ह ती वाढवून मूळ आवाजात मिसळतो. विहिरीत हाक मारल्यासारखं ऐकू येतं.

अडलं ते स्प्रिंगपाशी. खिडकीच्या पडद्याची स्प्रिंग लावून पाहिली, ती ढिम्म. शेवटी गिटारच्याच बारीक तारा सायकलच्या स्पोकवर गुंडाळून मी बोटभर लांबीच्या दोन स्प्रिंगा केल्या. वेढ्याला वेढा चिकटून आला पाहिजे. मध्ये हात थांबला की तार मुडपते आणि ती स्प्रिंग फेकून द्यावी लागते. भावाजवळच्या जादा तारा त्यातच संपल्या. लाकडी खोक्यात स्प्रिंगांची चौकट सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगली, नाहीतर कोणी जवळून चाललं तरी गडगडाट व्हायचा.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी यंत्र बोललं. भावानं एक सूर छेडला आणि तो विरता विरत नव्हता. डिंक वाळायचा होता म्हणून झाकण लावलं नाही. हात लावू नका, हे घरात प्रत्येकाला सांगितलं.

सकाळी दळण घेऊन गिरणीत गेले. परत आले तर दिरानं दुकानात पोत्यावर पूजा मांडलेली. कर्णे, माईक, तारांना डाग द्यायची माझी इस्त्री, आणि मधोमध माझं खोकं, आडवं करून. आत दोन स्प्रिंगा ताणलेल्या दिसल्या, त्याला वाटलं हार अडकवायला सोय केली आहे. झेंडूचा ओला हार त्यांच्यावर लोंबत होता. उचलला तर स्प्रिंगा तशाच लोंबत राहिल्या. गेल्या त्या गेल्या.

"नवीन यंत्र हाय वहिनी," दीर म्हणाला. "त्याचा मान मधीच नको का?"

मी खोकं उचलायला वाकले तशी सासू पुढे आली.

"पूजेतलं हालवायचं न्हाई. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

नवऱ्यानंही तेच सांगितलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे, सणासुदीला वाद नको. उद्या सकाळीच ऑर्केस्ट्राचा टेम्पो भावाला न्यायला येणार होता, हे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

सगळ्यात जास्त संताप आला तो भावाचा. तो दारात उभा राहून म्हणाला, "राहू दे ताई. येऊ दे अकॉर्डियनवाला. माझ्यापायी घरात तंटा नको."

"तुझ्यापायी नाही," मी म्हणाले. "मी बनवलंय ते."

आणि सासूच्या देखत खोकं उचललं. हळदकुंकवासकट ओट्यावर नेऊन ठेवलं. येणारेजाणारे बघत होते, नवमीला हत्यार हातात घेतलेली बाई. बघू दे म्हटलं. पण तार नव्हती, आणि सणामुळे दुकानं बंद. भावानं गिटारची पहिली तार सोडवून माझ्यापुढे ठेवली. वरचे सूर दुसऱ्या तारेवर काढेन म्हणाला. म्हणजे धमक होती तर पोरात. त्या तारेची एकच स्प्रिंग झाली. दोन स्प्रिंगांइतकी घुमत नव्हती, पण घुमत होती. या वेळी डिंक वाळेपर्यंत मी खोक्याशेजारून हलले नाही, आणि मग झाकण लावून स्क्रू आवळले.

कार्यक्रमाला मी बायकांत बसले होते. गिटारचा पहिला सूर मंडपाच्या टोकापर्यंत गेला आणि मालकानं मान वळवून भावाकडे पाहिलं. सहाऐवजी पाचच तारा आहेत हे मोजायला त्याला सवड झाली नाही. भावाची जागा राहिली.

परत येताना दीर टेम्पोत सगळ्यांना सांगत होता, पूजा पावली. सासू माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. मलाही बोलायचं नव्हतं.

पुढच्या खंडेनवमीला दीर पुन्हा दारात आला. "वहिनी, ते घुमायचं यंत्र द्या पूजेला." मी स्क्रू काढले आणि त्याला नुसतं झाकण दिलं. त्यानं ते मधोमध मांडलं, हार घातला. सासूनंही हात जोडले.