रस्ते मोडणारा मामा

माझा मामा रस्ते मोडायचा, तेही पगारी. लांबलचक शेडमध्ये रस्त्याचा एक पट्टा बनवायचा आणि त्यावरून वजन लादलेलं ट्रकचं चाक अखंड मागे-पुढे फिरवायचं. वीस वर्षांची रहदारी तीन महिन्यांत उरकायची. चाकोरी बारा मिलिमीटरपेक्षा खोल गेली की रस्ता नापास. लग्नकार्यात कोणी विचारलं, तर मामा सांगायचा, "रस्ते खराब करतो." लोक म्हणायचे, "म्हणजे ते तुम्हीच!"

निवृत्तीला महिना उरला आणि त्याच्या चाकाखाली ताईचा, म्हणजे त्याच्याच इंजिनिअर लेकीचा रस्ता आला. डांबराचं हे मिश्रण जमवण्यात तिची चार वर्षं गेली होती.

"जरा बेतानं चालवा हो," मामी म्हणाली.

"चाकाला काय सांगू, लेकीचा रस्ता आहे, पोट आत घे?"

दोन आठवड्यांतच चाकोरी पंधरा मिलिमीटर भरली. नापास! मामीनं मामाशी बोलणं टाकलं. ताई मात्र शांतपणे जेवली, याचाच मामाला जास्त त्रास झाला.

शुक्रवारी यंत्र पुसताना त्याला एक बटण बंद दिसलं. खरे ड्रायव्हर काही एकाच रेषेत गाडी हाकत नाहीत, म्हणून चाक दर फेरीला थोडं बाजूला सरकवतात. मोजमापासाठी मामानं ते सरकणं थांबवलं होतं आणि पुन्हा सुरू करायला विसरला होता. बारा दिवस चाक एकाच जागी रस्ता कुटत होतं. तीस वर्षांत आपली एक चूक नाही, हे ऐकवून ऐकवून त्यानं सगळ्यांचे कान किटवले होते. आता गप्प राहिलं, तर कोणाला कळणारही नव्हतं.

तो तडक साहेबांच्या खोलीत गेला. ताई तिथेच होती. "रस्ता चांगला आहे. चूक माझी आहे," म्हणून त्यानं सगळं सांगितलं. साहेबांनी नवा पट्टा टाकायचा हुकूम दिला.

ताई खाली बघत म्हणाली, "बाबा, मला मंगळवारीच कळलं होतं. चाकोरी फारच अरुंद होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचे दोनच आठवडे राहिलेत."

मामा असा भडकला की साहेबांनी उठून दार लावून घेतलं. "चार वर्षांची मेहनत मातीत घालत होतीस? माझ्यासाठी? अक्कल गहाण टाकलीस का?" पाऊण तास त्यानं तिला झापलं. मग शेडमध्ये जाऊन, यंत्राच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तो पोटभर रडला. यंत्र बंद होतं, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.